मातीवरची खूण

खेळांत जिंकणारा आणि हरणारा यांच्याविषयीं आपण पुष्कळ बोलतों. खेळ ज्या भूमीवर चालतो तिच्याविषयीं मात्र क्वचितच. क्रिकेटवाले खेळपट्टीची थोडीफार विचारपूस करतात, तीहि बहुधा हरल्यानंतर. बाकी भूमि म्हणजे पायांखालची वस्तु. आणि पायांखालच्या वस्तूकडे पाहण्याची माणसाला संवय नाहीं. टेनिसच्या जगांत मात्र दरवर्षीं मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असे दिवस येतात कीं, त्या अवधींत खेळाडूंच्या बरोबरीनें मातीचीहि चर्चा होते. पॅरिसला रोलाँ गारो येथें फ्रेंच अजिंक्यपदाचे सामने चालू असतात, आणि पुरुषांच्या एकेरीचा अंतिम सामना आमच्याकडच्या मृगाच्या सुमारास येऊन ठेपतो.

या योगायोगाची मला मोठी गंमत वाटते. अलिबागेपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर त्या वेळीं होड्या वाळूवर ओढून झांकून ठेवलेल्या असतात; मासेमारी १ जूनपासून बंद झालेली असते; राब भाजून तयार केलेली जमीन पावसाची वाट पाहत असते. २०२५ सालीं तर पाऊस मृगाचीहि वाट न पाहतां मेच्या अखेरच्या आठवड्यांतच कोंकणांत उतरला. आमची माती चिखल होऊं लागते, नेमकी तेव्हांच तिकडे एका चौकोनावर तांबडी कोरडी धूळ उडत असते, आणि आम्ही पागोळ्यांचा आवाज ऐकत ती धूळ पडद्यावर पाहत बसतों. माती म्हणजे काय, हें रायगडच्या किनाऱ्यावरील माणसाला कोणी शिकवावें लागत नाहीं. येथें शेतकरी ती भाजतो, पेणचा कारागीर तिचा गणपति करतो, आणि कबड्डीचा खेळाडू तिच्यावर गुडघे सोलून घेतो. तरीहि मातीला स्मरण असतें, ही गोष्ट मला त्या परक्या मातीकडे पाहूनच प्रथम नीट कळली.

खरें पाहतां ती माती नव्हेच. वरचा तांबडा थर म्हणजे विटांचा चुरा, आणि तोहि जाडीनें अवघा दोन मिलिमीटरांच्या आसपास. त्याखालीं चुनखडीच्या दगडाची पांढरी पूड, तिच्याखालीं जळून गेलेल्या कोळशाची खंगर, मग खडी, आणि सर्वांत खालीं मोठे दगड. या मैदानांच्या जन्माची एक कथा सांगतात. १८८० च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथें गवताचीं कोर्टें उन्हानें करपूं लागलीं, तेव्हां रेनशॉ नांवाच्या इंग्रज बंधूंनीं त्यांवर मातीच्या भांड्यांचा चुरा पसरला. कुंभाराच्या आव्यांतून निघालेलीं आणि फुटलेलीं खापरें अशा रीतीनें एका श्रीमंती खेळाच्या कामीं आलीं. एकदां अग्नींतून गेलेली ही माती आहे. तिचा पुन्हां चिखल होत नाहीं.

आणि या मातीच्या मंदिराला नांव मिळालें तें मात्र आकाशांत फिरणाऱ्या माणसाचें. रोलाँ गारो हा टेनिसचा वीर नव्हे; तो वैमानिक होता. २३ सप्टेंबर १९१३ रोजीं वाटेंत कोठेंहि न उतरतां त्यानें भूमध्य समुद्र प्रथम ओलांडला, आणि १९१८ च्या ऑक्टोबरांत, महायुद्ध संपायला महिनाभर राहिला असतांना, तो हवाई झुंजींत मारला गेला. फ्रान्सच्या चार खेळाडूंनीं १९२७ सालीं अमेरिकेंत जाऊन डेव्हिस करंडक जिंकला. तो राखण्यासाठीं पॅरिसला नवें क्रीडागार बांधणें प्राप्त झालें, आणि १९२८ सालीं उभ्या राहिलेल्या त्या क्रीडागाराला या वैमानिकाचें नांव देण्यांत आलें. ज्याचें सारें कर्तृत्व जमीन सोडण्यांत, त्याच्या नांवानें जगांतील सर्वांत प्रसिद्ध तांबडी जमीन ओळखली जावी, हा दैवाचा विनोद म्हटला पाहिजे.

या जमिनीवर चेंडू पडला म्हणजे त्याचा वेग मोडतो आणि तो उंच उसळतो. गवतावर जो फटका निकाल लावतो, तो येथें नुसता प्रश्न विचारतो. उत्तर द्यायला समोरच्याला वेळ मिळतो. त्यामुळें एकच गुण दोनदां-तीनदां जिंकावा लागतो. पीट सँप्रसनें मोठ्या चार स्पर्धांपैकीं तीन स्पर्धांत मिळून चौदा अजिंक्यपदें मिळविलीं. पॅरिसचें एकहि त्याच्या हातीं लागलें नाहीं. १९८४ च्या अंतिम सामन्यांत जॉन मॅकेन्रो पहिले दोन सेट जिंकून बसला होता. इव्हान लेंडलनें पुढचे तीन घेतले आणि करंडक नेला. उलट ब्यर्न बोर्गला या मातीनें सहा वेळां आणि राफेल नादालला तर २००५ पासून २०२२ पर्यंत चौदा वेळां विजयी केलें. घाईचा आणि या मातीचा जुना दावा आहे. फुकटचें यश द्यायचें नाहीं, हा तिचा पहिला नियम.

परंतु मला तिचा मोह पडला आहे तो तिच्या मंदपणामुळें नव्हे, तिच्या स्मरणशक्तीमुळें. सिमेंटवर चेंडू पडतो आणि जातो. डोळ्यांनीं टिपलें तेवढेंच खरें. विटांच्या चुऱ्यावर मात्र चेंडू जेथें टेकतो तेथें एक लांबट, अंड्याच्या आकाराची खूण ठेवून जातो. रेषेवर कीं बाहेर, असा वाद निघाला म्हणजे उंच खुर्चीवर बसलेला पंच खालीं उतरतो, त्या जागेपर्यंत चालत येतो, वांकतो, आणि खुणेकडे बोट दाखवितो. खूण रेषेला भिडली असेल तर चेंडू आंत. दोहोंमध्यें तांबडी कड सुटलेली दिसली तर बाहेर. न्यायाधीशानें आसन सोडून साक्षीदारापुढें वांकावें, असें दुसरें न्यायालय माझ्या पाहण्यांत नाहीं. आणि हा साक्षीदार अल्पायुषी असतो. सेट संपला कीं मैदानाची निगा राखणारीं माणसें रुंद जाळ्या ओढीत येतात, रेषा झाडून पांढऱ्या करतात, आणि मघांचा सारा इतिहास सपाट होतो.

आमच्या किनाऱ्यावर हें रोजच घडतें. ओहोटी लागली म्हणजे अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें. ओल्या वाळूवर माणसांचीं पावलें, घोडागाड्यांच्या चाकोऱ्या, खेकड्यांनीं काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी, असें सगळें लिहिलेलें असतें. भरती येते आणि पाटी कोरी होते. पुळणीवर मुलें क्रिकेट खेळतात, त्यांच्या रेषा टाचेनें ओढलेल्या असतात. दुसऱ्या दिवशीं त्या नव्यानें ओढाव्या लागतात, आणि आदल्या दिवशींचें भांडणहि त्यांच्याबरोबर वाहून गेलेलें असतें. समुद्राचा हा विसरभोळा उदारपणा मला आवडतो. पण ज्याला न्याय हवा असेल त्यानें तो भरतीच्या आधीं मागितला पाहिजे. आणि ज्याला न्याय द्यायचा असेल त्यानें तर त्याहूनहि लवकर बोललें पाहिजे.

असें वेळेवर बोलल्याचें एक उदाहरण या स्पर्धेंत आहे. १९८२ सालीं माट्स व्हिलांडर हा सतरा वर्षांचा स्वीडिश मुलगा पुरुषांच्या एकेरींत तेथें प्रथमच खेळत होता. उपांत्य सामन्यांत समोर अर्जेंटिनाचा होजे लुई क्लेर्क होता. चौथ्या सेटमध्यें व्हिलांडर विजयापासून एका गुणावर येऊन पोंचला. क्लेर्कचा फटका रेषेजवळ पडला. तो बाहेर गेल्याचा पुकारा झाला. आणि पंचांनीं व्हिलांडर विजयी झाल्याचें जाहीर केलें. क्लेर्क गाऱ्हाणें घेऊन पंचांकडे धांवला. इतक्यांत व्हिलांडरहि तेथें आला, आणि चेंडू चांगला पडला होता, अशा रीतीनें आपण जिंकूं शकत नाहीं, असें त्यानें पंचांना सांगितलें. तो गुण पुन्हां खेळविण्यांत आला. पुन्हां व्हिलांडरनेंच तो जिंकला. आणि पुढें अंतिम सामन्यांत गिलेर्मो व्हिलासला ४ तास ४२ मिनिटांच्या झुंजींत हरवून त्यानें अजिंक्यपदहि मिळविलें.

अखेर त्यालाच यश मिळालें, म्हणून ही गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकांत शोभण्यासारखी झाली आहे, आणि तेथेंच तिचें थोडें नुकसान होतें. सत्याचा शेवटीं जय होतो, असें तात्पर्य काढून आपण मोकळे होतों. परंतु पंचांकडे जातांना त्या मुलाला शेवट ठाऊक नव्हता. पुढचा गुण गेला असता, सेट गेला असता, पांचवा सेट खेळावा लागून कदाचित् सामनाहि गेला असता. मग त्याचें तें बोलणें आज किती जणांच्या स्मरणांत राहिलें असतें? तें तितकेंच थोर असतें, पण सांगायला कोणी उरलें नसतें. मला वाटतें, मोठेपणा त्या क्षणीं पुरा झाला. करंडक हा त्यानंतरचा निराळा प्रकार.

या खेळांत ही गोष्ट केवळ थोरांच्या वांट्याला येते असेंहि नाहीं. टेनिसचे बहुतेक सामने पंचांवांचून होतात. आपल्या बाजूस पडलेला चेंडू आंत कीं बाहेर, हें ज्यानें त्यानें सांगायचें. आणि शंका असेल तर चेंडू चांगला धरायचा, असा नियमच आहे. ज्याचा फायदा त्याच्याच हातीं निवाडा देणारा हा कायदा व्यवहारांत कोठें चालेल असें वाटत नाहीं. पण कोर्टावर तो चालतो. तालुक्याच्या गांवीं मुरमाच्या कोर्टावर मी कांहीं वर्षें खेळत होतों. तेथें एक वृद्ध वकील येत. अंगानें स्थूल, धांवणें बेताचें, पण आपल्याकडच्या प्रत्येक संशयाच्या चेंडूला ते मोठ्यानें "उत्तम!" म्हणत. एकदां मीं म्हटलें, "काका, हा बाहेर होता बहुतेक." ते म्हणाले, "असेल हो. पण दिवसभर कोर्टांत शंकेचा फायदा मागतों. संध्याकाळीं या कोर्टावर थोडा द्यावा म्हटलें." त्यांच्याशीं खेळतांना माझ्या बाजूच्या रेषाहि आपोआप रुंद होत. प्रामाणिकपणा हा असा सांसर्गिक असतो; आणि मला वाटतें, अप्रामाणिकपणाहि.

हें सारें मी माझ्या एका स्नेह्यांना सांगितलें. ते यंत्रविद्येंत मुरलेले आहेत. ते म्हणाले, "अहो, चेंडू कोठें पडला हें सांगायला आतां कॅमेरे आहेत. न्याय माणसाच्या सज्जनपणावर टांगून कशाला ठेवायचा? सज्जन असतात ते ठीक. नसतात त्यांचें काय?" त्यांच्या म्हणण्यांत वजन आहे. क्लेर्कच्या जागीं आपण असतों आणि समोर व्हिलांडर नसता, तर आपणहि यंत्रच मागितलें असतें. २०२५ पासून विंबल्डनहून रेषांवरचे पंच गेले आणि त्यांचें काम यंत्राकडे आलें. मोठ्या चार स्पर्धांपैकीं त्या सालीं रोलाँ गारो हीच एक अशी उरली कीं, जेथें माणसें रेषांवर उभीं होतीं आणि पंच खुर्चीवरून उतरून खूण पाहत होते.

परंतु यंत्र आलें म्हणून वाद मिटला असें मात्र झालें नाहीं. २०२५ च्या एप्रिलांत माद्रिदच्या मातीवर अलेक्झांडर झ्वेरेवला खूण एक सांगत होती आणि यंत्र दुसरें. त्यानें आपला फोन आणून त्या खुणेचें छायाचित्र घेतलें, आणि या वर्तनाबद्दल पंचांनीं त्याला ताकीद दिली. त्याच वर्षीं विंबल्डनच्या मुख्य कोर्टावर एका सामन्यांत यंत्राचा कांहीं भाग चुकून बंद राहिला. चेंडू उघड बाहेर पडला तरी यंत्र मुकें, आणि गुण पुन्हां खेळावा लागला. आतां खूण तरी सदाच खरी असते काय? तेंहि नाहीं. धूळ कोठें दाट असते, कोठें विरळ. चेंडूनें ढकललेले कण थोडे सरकतात. खूण प्रत्यक्ष स्पर्शाहून लहानमोठी उमटते. म्हणजे साक्षीदार दोन, आणि दोघेहि क्वचित् चुकणारे. माझ्या मनांत राहतें तें निराळेंच. यंत्रानें निवाडा दिला म्हणजे खेळाडूला बोलण्याचें कारणच उरत नाहीं. चूक टळते, हें मोठेंच काम. पण तिच्याबरोबर, "नाहीं, चेंडू चांगला होता," असें म्हणण्याची वेळहि टळते. जी शक्ति कधीं वापरावी लागत नाहीं ती शरीरांत फार दिवस राहत नाहीं. मनांत राहील काय?

यंत्रांशीं माझें वैर नाहीं. अलिबागच्या माणसाला तें शोभणारहि नाहीं. विजेच्या ट्रामगाड्या मुंबईंत धांवूं लागल्या म्हणजे त्यांच्या प्रवाहामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतील, हें ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत ती चुंबकीय वेधशाळा अलिबागेस आणण्यांत आली. १९०४ पासून येथें नोंदी होऊं लागल्या. जुन्या आणि नव्या नोंदींचा धागा तुटूं नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेण्यांत आले. चुंबकावर ज्याचा परिणाम होईल असें साहित्य टाळून इमारत बांधली. डोळ्यांना न दिसणारी पृथ्वीची थरथर तेथें टिपली जाते. त्या उपकरणांना खोटें बोलतां येत नाहीं. पण त्यांना खोटें ऐकूं येऊं नये म्हणून समुद्र ओलांडून शांत गांव शोधणारीं माणसें आधीं लागलीं. यंत्राचा खरेपणा राखायलाहि माणसाचाच खरेपणा खर्ची पडतो, हें माझ्या स्नेह्यांना मीं ऐकविलें. ते हंसले, म्हणाले, "हें मान्य. पण दोन्ही असलेलीं बरीं."

दोन्ही असलेलीं बरीं, हें मलाहि पटतें, कारण कांहीं गोष्टी यंत्राला दिसत नाहींत आणि मातीवरहि उमटत नाहींत. २०२५ च्या स्पर्धेंत चौथ्या फेरींत कार्लोस अल्काराझनें बेन शेल्टनच्या फटक्यावर झेंप घेतली आणि रॅकेट भिरकावली. चेंडू तिला लागून पलीकडे अचूक पडला, आणि गुण अल्काराझला मिळाला. पण चेंडूला स्पर्श झाला तेव्हां रॅकेट हातांतून सुटलेली होती. म्हणजे नियमाप्रमाणें तो गुण शेल्टनचा. चेंडूची खूण तर कोर्टाच्या आंत, अगदीं निर्दोष होती! अल्काराझनें आपण होऊन पंचांना खरें काय तें सांगितलें आणि गुण सोडला. तेथें साक्षीदार तो एकटाच होता.

पुढें ८ जून रोजीं याच अल्काराझचा यानिक सिनरशीं अंतिम सामना झाला. सिनरनें पहिले दोन सेट घेतले. चौथ्या सेटमध्यें तो ५-३ असा पुढें होता, आणि अल्काराझच्या सर्व्हिसवर त्याला अजिंक्यपदाचे तीन गुण लागोपाठ मिळाले. तिन्ही गुण अल्काराझनें वांचविले. चौथा सेट घेतला. आणि पांचव्या सेटच्या टायब्रेकमध्यें १०-२ अशी सरशी करून सामना जिंकला. ५ तास २९ मिनिटें चाललेला हा सामना या स्पर्धेंतील सर्वांत लांबलेला अंतिम सामना ठरला. आणि त्यानें मोडला तो व्हिलांडरच्याच १९८२ च्या अंतिम सामन्याचा उच्चांक. आमच्याकडे तोंपर्यंत मध्यरात्र झाली होती. हरलेला सिनर खुर्चीवर बसून समोर पाहत होता, आणि त्याच्या बुटांना, मोज्यांना तीच तांबडी धूळ लागलेली होती जी जिंकणाऱ्याच्या अंगाला लागली होती. तेवढ्या एका बाबतींत माती दोघांत भेद करीत नाहीं.

या मातीचें शिक्षण आपल्याकडे नवें नाहीं. महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यांत माती आणि गादी असे दोन विभाग आजहि मानतात. रायगडच्या गांवोगांवीं कबड्डी मातीवर वाढली. आतां मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. तें गैर नव्हे; खेळ जगभर न्यायचा तर जमीन सारखी हवी, आणि मॅटवर पाऊस-चिखलाची अडचणहि कमी. पण अजून एखाद्या गांवीं, शेतें मोकळीं झाल्यावर, संध्याकाळीं फक्कीनें आंखलेल्या मैदानावर सामना चालतो, आणि चढाई करणाऱ्याचें बोट निसटतें लागलेला एखादा पोरगा, पंचाची शिट्टी वाजण्याआधींच हात वर करून बाहेर चालूं लागतो. त्याच्या संघाचीं मुलें त्याच्यावर ओरडतात. समोरचीं क्षणभर गप्प होतात. त्याला या सौजन्याबद्दल कोणी करंडक देत नाहीं. ही मुलें पुढें कोणत्याहि जमिनीवर खेळोत. हात वर करण्याची ती खोड त्यांच्याबरोबर गेली म्हणजे पुरे.

क्लेर्कच्या त्या चेंडूची खूण कोर्टावर फार तर कांहीं मिनिटें राहिली असेल. त्याच दिवशीं जाळी फिरली, पाणी शिंपलें गेलें, रेषा झाडल्या गेल्या. त्यानंतर किती पावसाळे तिच्यावरून गेले. चेंडू रेषेवर टेकला होता कीं नव्हता, हें आज कोणी पाहायला गेलें तर तेथें नुसता विटांचा चुरा आहे. आपल्यापाशीं राहिला आहे तो त्या सतरा वर्षांच्या मुलाचा एक शब्द. आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणालाहि आजवर दुसरा पुरावा मागावासा वाटलेला नाहीं.